शिराळ्याची शिडी

आमच्या वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत आर्याला सगळे 'परांचीवाली' म्हणतात. तिला ते आवडत नाही. मला आवडतं, कारण ती परांची मी बांधलेली आहे. त्या परांचीकडे बघून जे लोक तेव्हा फिदीफिदी हसले, तेच आज माझ्याकडे तसलीच मागायला येतात. मी त्यांना आधी चहा पाजतो आणि मग त्यांच्या हसण्याची आठवण करून देतो. स्वभाव आहे माझा, काय करणार.

मी युजीन. ट्रकच्या बॉड्या बांधतो, वेल्डिंग करतो. शेजारच्या गाळ्यात सिद्धेश आणि आर्या हे नवरा-बायको. मोठ्या कंटेनरवर आइस्क्रीमचे कोन, दुधाच्या पिशव्या, कंपन्यांची नावं दिसतात ना, ती हल्ली कुणी रंगवत नाही. व्हायनलवर, म्हणजे चिकट प्लास्टिकच्या कागदावर, छापतात आणि चिकटवतात. संगणकावरचं काम आर्याचं, चिकटवायचं सिद्धेशचं. तो निर्मळचा, केळी-भाजीच्या वाडीतला, झाडांवर चढतच मोठा झालेला. ती विरारच्या फुलपाड्यातली, नोकरदारांच्या घरातली. उंचीशी तिचा संबंध गॅलरीत कपडे वाळत घालण्यापुरता.

सिद्धेश शिडीवर चढला की आजूबाजूच्या गाळ्यांतले कामगार बाहेर येऊन बघायचे. गडी पायाने शिडीला विळखा घालायचा, एका हाताने व्हायनल ताणायचा आणि दुसऱ्या हाताने प्लास्टिकची पट्टी फिरवून खालची हवा बाहेर काढायचा. शिडीला धरायला तिसरा हात देवाने दिलेला नाही, एवढं साधं गणित आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आर्या खाली उभी राहून दोन्ही हातांनी शिडी धरायची.

दिवाळीनंतर एका दुपारी तो पडला. व्हायनलचे पट्टे खालून वर लावत जातात, कौलांसारखे, म्हणजे वरचा पट्टा खालच्यावर चढतो आणि पाणी आत शिरत नाही. त्यामुळे शेवटच्या पट्ट्याच्या वेळी शिडी टेकलेली होती नुकत्याच लावलेल्या गुळगुळीत व्हायनलवर. मी आवाज ऐकून धावलो तेव्हा सिद्धेश सिमेंटवर आडवा होता आणि आर्या शिडी घट्ट धरून तशीच उभी होती. तिची बोटं मला सोडवावी लागली.

टाच मोडली, कंबरेचा एक मणका दबला. हॉस्पिटलात भेटायला येणारे पाहुणे बाहेरच्या बाकावर बसून कुजबुजायचे. पोरीच्या हातात जोर तो किती, सुटली असेल शिडी. हे आर्याला ऐकू जात होतं. सिद्धेशलाही जात होतं. तो तसं कधी म्हणाला नाही, पण "नाही, असं नाही झालं" असंही म्हणाला नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता. पायाला प्लॅस्टर असलेल्या माणसावर ओरडता येत नाही म्हणून गप्प बसलो.

आठवडाभराने आर्या माझ्या गाळ्यात आली. म्हणाली, "युजीनदादा, माणूस वर उभा राहील, दोन्ही हात सोडून काम करील आणि तरी पडणार नाही, असं काहीतरी बांधून द्या."

"त्याला परांची म्हणतात," मी म्हणालो.

"मग परांची. पण चाकांची."

मी बांधली. लोखंडी पाइपांची, वर फळ्या, आतल्या बाजूने चढायला पायऱ्या. बाई वर गेली, ट्रककडे तोंड करून उभी राहिली आणि मागे झुकून म्हणाली, "आणि इथे?" पट्टी दाबताना माणूस स्वतःलाच मागे ढकलत असतो, हे तिने तेवढ्यात हेरलं होतं. मी मागे कठडा लावला. मग बाजूंना लावला. मग ती खाली उतरून परांची गदगदा हलवायला लागली, तेव्हा मी कंटाळून चारी कोपऱ्यांना बाहेर पसरणारे पायही जोडून दिले.

चिकटवायलाही ती स्वतःच शिकली. पहिल्या ट्रकवरच्या आइस्क्रीम खाणाऱ्या मुलीचं हसू असं वाकडं झालं, की मुलीचे दात दुखत असावेत. आर्याने ते सोलून काढलं आणि परत छापलं. वर ती दर दोन मिनिटांनी हात मागे नेऊन कठडा चाचपायची. "भीती वाटते का गं?" मी एकदा विचारलं. "वाटते ना. म्हणून तर कठडा आहे," ती म्हणाली आणि व्हायनल गरम करायची हीटगन मागितली.

तिचे नियम ऐकून ड्रायव्हर वैतागायचे. ट्रकच्या चाकांखाली ठोकळे, परांचीच्या चारी चाकांना ब्रेक, आणि ट्रकची चावी आर्याच्या खिशात. "मॅडम, चावी काय को?" एकाने विचारलं. "तू ट्रक हलवलास तर मी कुठे जाऊ?" ती म्हणाली. परांची दोन हात सरकवायची असली तरी ती आधी खाली उतरायची. सगळे हसायचे. काम मात्र वेळेवर जात होतं.

राहिली सिद्धेशची ॲल्युमिनियमची शिडी. तो बरा झाला की तीवरच चढणार हे त्याने अंथरुणातूनच जाहीर केलं होतं. आर्याने ती टेम्पोत घातली आणि निर्मळला सासूच्या वाडीत नेऊन दिली. रखमाबाईंनी काही विचारलं नाही. शिडी पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकवली, बुडाशी आळं केलं आणि शिराळ्याच्या बिया टोचल्या. सासू-सुनेत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. झालंच नसावं, असं मला वाटतं.

महाशिवरात्रीच्या सुमारास सिद्धेशची काठी सुटली. पहिल्या दिवशी गाळ्यात आला, परांचीकडे एक नजर टाकली आणि म्हणाला, "हा म्हाताऱ्यांचा पाळणा मला नको." मग शिडी आणायला स्कूटरवरून निर्मळला गेला. तासाभराने हात हलवत परत आला आणि माझ्यासमोर स्टुलावर बसला.

"काय झालं?"

"शिराळी लागलीत," तो म्हणाला. "पार वरच्या पायरीपर्यंत. आई म्हणते, येल धरलाय, पानी घालून वाढवलाय, आता हात नाय लावायचा."

मला हसू आवरेना. त्यांच्या घरात धरलेला वेल उपटणं म्हणजे वाढलेलं ताट लाथाडण्यासारखं. आईशी भांडता येईल, बायकोशी भांडता येईल, पण कोवळ्या शिराळ्यांनी लगडलेल्या वेलाशी काय भांडणार?

पण हट्टी माणसाला शिड्यांचा तोटा नसतो. त्याच आठवड्यात दूधवाल्या कंपनीचे कंटेनर आले. त्यांचा माणूस घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होता. "शिडी लावा ना, पटकन होईल," तो म्हणाला, आणि सिद्धेशला तेवढंच पाहिजे होतं. समोरच्या इलेक्ट्रिशियनची शिडी आणून त्याने ती कंटेनरला टेकवली. खालचे पट्टे आर्याने सकाळीच लावलेले होते.

"आर्या, जरा धर."

आर्या परांचीवरून खाली उतरली. तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले. "नाही."

"अगं, दोन मिनिटं."

"मी तेव्हा धरली होती, सिद्धेश. दोन्ही हातांनी धरली होती. तरी तू पडलास. आता परत मला धरायला सांगू नकोस. तू शिडीवर चढणार असशील तर मी आजपासून या गाळ्यात काम करणार नाही. फुलपाड्याला जाईन, नोकरी करीन, तुझं औषधपाणी करीन. पण तुला खालून बघत उभी राहणार नाही."

ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं. दूधवाल्यांचा माणूससुद्धा घड्याळ विसरला.

सिद्धेशचा चेहरा लाल झाला. तो माझ्याकडे वळला. "युजीनदादा, तुम्ही धरा. तुमच्या हातात जोर आहे."

हे तो तिच्यासमोर बोलला. मनात आलं, द्यावी एक ठेवून. पण तो चढणारच होता, तेव्हा धरलेली बरी. मी म्हणालो, "चौथ्या पायरीच्या वर गेलास तर ओढून खाली घेईन." आणि शिडीच्या बुडाशी माझे नव्वद किलो घालून उभा राहिलो.

तो चार पायऱ्या चढला. दोन्ही हात सोडले. पट्टी व्हायनलवर टेकवून बाजूला जोर लावला, आणि शिडीचं वरचं टोक सर्रकन वीतभर सरकलं. बूड माझ्या मुठीत जागच्या जागी होतं, इंचभर हललं नव्हतं. मी धरलं होतं खालचं टोक, आणि सुटत होतं वरचं.

सिद्धेशने कंटेनरच्या कडीला पकडलं. मग एकेक पायरी चाचपत खाली आला, माझे हात बघितले, शिडीचे पाय बघितले, वर व्हायनलवर उमटलेला ओरखडा बघितला. टाचेत कळ आली असावी, कारण तो लंगडत आर्यापर्यंत गेला.

"तू सोडली नव्हतीस," तो म्हणाला.

आर्या त्या सगळ्या महिन्यांत माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. आता रडली. ओढणीने तोंड पुसलं, खिशातली चावी चाचपली आणि म्हणाली, "ओरखडा पडलाय. तो पट्टा परत लावायला लागेल."

तो सिद्धेशने लावला. परांचीवर चढण्याआधी वाकून चारी ब्रेक स्वतः तपासले. वर गेल्यावर मागच्या कठड्याला पाठ लावून बघितली, दोन्ही हात मोकळे केले आणि कामाला लागला. मी दूधवाल्यांच्या माणसाला चहा पाजला.

मे महिन्यात मी शिराळी आणायला निर्मळला गेलो, तेव्हा वेल वाळला होता. रखमाबाईंनी तो उपटून शिडी मोकळी केली होती. सिद्धेश वाडीतच होता. "ने बाबा तुझी शिडी," त्या म्हणाल्या. "माझं काम झालं."

सिद्धेशने शिडी दोन्ही हातांनी हलवून बघितली. मग ती पुन्हा भिंतीला नीट टेकवली, कुदळ घेतली आणि तिच्या बुडाशी नवीन आळं करायला बसला.

"आई," तो म्हणाला, "बियाणं कुठे ठेवलंयस?"