झाडाची जिलबी

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही नियम मोडला नाही, आणि एकही नियम त्यांना नीट समजला नाही. व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. अमरावतीला मोजणी खात्यात होते, लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात जन्म गेला. बायको वारल्यावर एकटेच राहत होते. गेल्या दिवाळीच्या सुमारास साखर वाढून न्हाणीघरात चक्कर येऊन पडले, शेजाऱ्यांनी दार तोडून काढलं, आणि सून विमानानं जाऊन त्यांना इकडे फरीदाबादला घेऊन आली. मुलीच्या सासरी बाप राहायला येतो हे आमच्या पिढीत कुणी ऐकलं नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सोडला नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघरात आले आणि मिठाची बरणी उचलून म्हणाले, "विहीणबाई, हे झाडाचं का?" तेव्हा पदर आपोआप पडला, तो मी पुन्हा घेतला नाही.

हा झाडाचा प्रकार सुनेनं काढला होता. तिच्या ऑफिसात कुणी आहारवाली बाई येते, तिनं सांगितलं की दूध, दही, तूप, अंडी, मटण सगळं बंद, फक्त झाडापासून आलेलं खायचं आणि रोज व्यायाम करायचा. शिवाय सुनेनं बापाला अट घातली. तीन महिन्यांची साखर म्हणून एक तपासणी असते, एकदा रक्त दिलं की मागचं सगळं कळतं. ती साताच्या खाली आली तरच अमरावतीचं तिकीट, नाहीतर इथंच राहायचं, कायमचं. ते ऐकून व्याह्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांचं शेत हद्दीबाहेर दाखवलंय. तिकडे विहाराच्या आवारात त्यांनी पोरांसाठी एक वाचनालय उभं केलं होतं, पत्र्याचंच, पण रोज संध्याकाळी सहाला उघडायचं म्हणजे उघडायचं. किल्ली आता दुसऱ्या माणसाकडे होती आणि तो दुपारचा झोपला की सातपर्यंत उठत नाही, असं त्यांना फोनवर कळलं होतं. "मला जायला हवं, विहीणबाई," ते म्हणाले. "पोरं दाराशी बसून राहतात." मी म्हटलं, "मग खा झाडपाला."

आणि त्यांनी खाल्ला. रविवारी रस्सा नसला तर ताटावरून उठणारा माणूस, पण त्या दिवसापासून मटणाचं नाव काढलं नाही. मात्र प्रत्येक घासाची मोजणी सुरू झाली. मध नको, कारण तो माशीचा. चहा बिनदुधाचा, तो पिताना तोंड असं की पाहणाऱ्याला वाटावं एरंडेल घेतलंय. एकदा सुनेनं मशरूमची भाजी करून ठेवली. दुपारी मी वाढली तर हे ताटाकडे बघतच बसले. "ही बुरशी आहे. हिला पान नाही, मूळ नाही. झाड म्हणायचं कसं?" सुनेला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, खा ना यार, चालतं बिल्कुल." फोन ठेवून मला म्हणाले, "खा म्हणतेय, पण कारण सांगितलं नाही." कारण कळेपर्यंत, म्हणजे सुनेची गाडी संध्याकाळी दारात येईपर्यंत, भाजी तशीच झाकून ठेवली. दुसऱ्या एका दिवशी मोबाईलवर बघून शेंगदाण्याचं दूध काढलं, त्याचं दही लावलं आणि त्या दह्याची कढी करायला घेतली. दिवाळीत भिंतीला लावायला चुना कालवतात ना, तसं ते झालं. ते दोन वाट्या प्यायले, मला म्हणाले, "सवय होईल." मी बाकीची मोरीत ओतली. त्यांना सांगितलं, संपली.

व्यायामाचंही तेच. ज्यानं जे सांगितलं ते सगळं करायचे. पार्कात हसणाऱ्यांचा एक घोळका असतो, त्यात हसायचे, तिथून उठून प्राणायामवाल्यांत जाऊन गंभीर बसायचे. दात घासताना उठाबशा, फोनवर बोलताना एका पायावर उभं राहणं. अमरावतीच्या जुन्या शेजाऱ्याचे वडील गेले तेव्हा त्याचं सांत्वनही यांनी एका पायावरच केलं. गुडघ्यांसाठी जिना उलटा चढावा असं कुणी मोबाईलवर सांगितलं, तर हे चौथ्या मजल्यापर्यंत पाठमोरे चढू लागले. सोसायटीचा गार्ड घाबरून मागे धावला. "अंकल जी, घर उधर है, आप उल्टे जा रहे हो!" व्याही म्हणाले, "मेरे को मालूम है. घुटने के वास्ते जा रहा." गार्डला ते पटलं नाही. त्यानं मला इंटरकॉमवर विचारलं, "आंटी जी, अंकल की याददाश्त ठीक है ना?" मी म्हटलं, याददाश्त ठीक आहे, बाकीचं बघतोय आम्ही.

नोव्हेंबरात इथली हवा बिघडते, समोरची बिल्डिंग दिसत नाही, डॉक्टर म्हणतात बाहेर फिरू नका. म्हणून ते घरातच डायनिंग टेबलाभोवती तोंडाला मास्क लावून चालायचे. घरात मास्क कशाला, विचारलं तर म्हणाले, "चालताना लावा असं सांगितलंय." टेबलाचा घेर त्यांनी टेपनं मोजला होता, किती फेऱ्यांचा किलोमीटर ते काढलं होतं. मी टेबलाशी बसून मेथी निवडायची आणि ते माझ्याभोवती फिरायचे. देवळातल्यासारखं वाटायचं, फक्त मूर्ती चिडलेली. चौथ्या दिवशी खालची पंजाबी बाई वर आली, ऊपर कोई मशीन लगी है क्या म्हणून. मी तिला मशीन दाखवली.

त्या दिवसांत दुपारभर आमची भांडणं चालत. कशावरूनही. वरणात चिंच की आमसूल, आमच्या परभणीची ज्वारी चांगली की त्यांच्या अमरावतीची, पंखा एकवर की दोनवर. मी चौथी शिकलेली, ते मॅट्रिक, म्हणून पेपर ते मोठ्यानं वाचायचे आणि मी मध्ये मध्ये नाही म्हणायची. ते येण्याआधी मुलगा आणि सून आठला बाहेर पडले की संध्याकाळपर्यंत या घरात मी एकटी. जेवण उभ्यानंच व्हायचं, ओट्यापाशी, कालची पोळी कशाशी तरी. आता दोन ताटं घ्यावी लागत. मला कामाचा वैताग यायचा, हे मी लपवून ठेवलेलं नाही.

जानेवारीत हवा जरा निवळली, ते पुन्हा पार्कात जाऊ लागले. एक दिवस घरात कोथिंबीर नव्हती म्हणून मी सकाळीच मार्केटात गेले. हलवायाच्या दुकानासमोर बाक आहे, तिथं पार्कातली चारपाच म्हातारी मंडळी बसली होती आणि मधोमध आमचे व्याही. हातात द्रोण, त्यात आलूची भाजी, वर दोन पुऱ्या. भाजीच्या गाडीआड मी उभी राहिले. पुऱ्या संपल्या. मग ते उठले आणि हलवायाला तपासनीस अधिकाऱ्यासारखं विचारू लागले, "जलेबी घी में है कि तेल में?" तो म्हणाला, "तेल में, अंकल जी. रोज तो बताता हूँ." "दूध नहीं ना? दही?" "मैदा है, चीनी है." "हां, तो फिर दो." शेजारच्या सरदारजींनी आपल्या वाटीतलं दही पुढे केलं तर हे कानाला हात लावून मागे सरकले. दही जनावराचं. जिलबी झाडाची.

घरी आले ते घाम पुसत, हातातलं घड्याळ मला दाखवत. "आज सात हजार पावलं, विहीणबाई." चेहऱ्यावर इतका खरेपणा की चोरी म्हणावं तर चोराला आधी ठाऊक पाहिजे. चोरून खाणारी माणसं मी ओळखते, माझा नवराच होता तसा, बर्फीचा कागद खिशात सापडायचा. हा माणूस चोरून खात नव्हता. तो नियमानं खात होता. सकाळी उठल्याउठल्या बोट टोचून साखर बघायचे तेव्हा ती बरी असायची, मग फिरायला जायचे, मग हे. घरात कुणाला कळणार कसं? मला कळलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "कोथिंबीर महाग झालीय." ते म्हणाले, थंडीत कशी महाग होईल, आणि आम्ही त्यावर अर्धा तास भांडलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं आज सांगू. तिसऱ्या दिवशी म्हटलं मला काय करायचंय, त्यांची मुलगी आहे, डॉक्टर आहेत. असे सहा आठवडे गेले. मी कधी कुणाची भीड ठेवलेली नाही, जावेला तिच्या तोंडावर आळशी म्हटलंय, नवऱ्याच्या साहेबाच्या बायकोला कंजूष म्हटलंय. मग इथं जीभ का अडली, मला उमजेना.

फेब्रुवारीच्या शेवटी रक्त दिलं. साखर आली आठाच्या वर. ते इथं आले तेव्हा होती त्याहून जास्त. सून कागद हातात धरून रडायला लागली, "बाबा, इतकं करूनही कसं वाढलं? आता मी तुम्हाला एकटं सोडणार नाही, चलो, विषय संपला." व्याह्यांनी कागद घेतला, चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. "मी एक चमचा दही खाल्लं नाही गं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना तिकडून फोन आला. वाचनालयात आता मंडपवाल्यानं खुर्च्या ठेवल्या होत्या, लग्नसराईपुरत्या. फोन त्यांनी दोन्ही पायांवर उभं राहून ऐकला आणि मग खाली बसले. पेपर तसाच घडी घातलेला पडला. मी ताटं वाढली. त्यांनी माझ्याशी कशावरूनही वाद घातला नाही, मीठ जास्त पडलं होतं तरी. ते मला सोसवलं नाही.

"भाऊ," मी म्हटलं, "हे जिलबीनं केलंय."

"कोणती जिलबी?"

"मार्केटातली. रोजची. आणि पुऱ्या."

"ती तेलातली आहे. मी रोज विचारून घेतो."

"पाक साखरेचाच ना?"

"साखर उसाची. ऊस झाड आहे."

"ऊस झाड आहे म्हणून तुमच्या रक्तात जाऊन पानं फोडत नाही. तिथं साखरच होतो. आणि मैदाही तोच मार्ग धरतो."

ते ताटातल्या भाकरीच्या कडेवरून बोट फिरवत बसले. मोजणीत चूक सापडली की खात्यातला माणूस असाच बसत असेल. मग म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. जानेवारीत."

"म्हणजे दीड महिना झाला." हिशोब त्यांचा पक्का. "मग बोलला का नाहीत?"

मी डाळीत भाकरी कुस्करली. "दुपारी घरात कोणी नसतं," मी म्हटलं.

"दुपारचा काय संबंध? मी जिलबी सकाळी खातो."

"काही संबंध नाही. जेवा. उद्यापासून मी येते चालायला, आणि परत यायचं ते मार्केटच्या अंगानं नाही."

सुनेला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, माझंही. तिनं उठून माझ्यासाठी चहा करून आणला. पुढचे तीन महिने मी त्या माणसाला हातात घेतलं. आहारवाल्या बाईचा कागद फ्रिजवरून काढला नाही, पण ताटात माझंच चाललं. ज्वारीची भाकरी एक, मुगाची उसळ, पालेभाजी वाडगाभर, काकडी हवी तेवढी, भात चमचा मोजून. झाडाचं का, असं विचारलं की मी सांगायची, "झाडाचं आहे, पण एकच." उलटा जिना बंद केला. हसायच्या घोळक्यात त्यांना राहू दिलं, त्यानं कुणाचं नुकसान नव्हतं. मे महिन्यात इथं सकाळी सहालाच ऊन चावतं, म्हणून पाचला निघायचो. माझे पाय दुखायचे. ते पुढे चालायचे, वळणावर थांबायचे, मी पोचले की लगेच पुन्हा निघायचे, मला दम खाऊ द्यायचे नाहीत. भांडत भांडत चार फेऱ्या व्हायच्या. हलवायाच्या बाजूनं वारा आला की त्यांची चाल मंद व्हायची, मी मागून म्हणायची, "भाऊ, पावलं." ती पुन्हा सुरू व्हायची.

दुसऱ्या तपासणीत साखर आली साडेसहा. सुनेनं वडिलांना मिठी मारली, माझ्या मुलानं त्याच रात्री तिकीट काढलं, आणि व्याही आनंदानं बॅग भरायला लागले, ती तीनदा भरली, तीनदा काढली. निजामुद्दीन स्टेशनला मी गेले नाही. लिफ्टपाशी जयभीम केला. ते म्हणाले, "या तिकडे, विहीणबाई." मी म्हटलं, "बघू." दार बंद झालं. त्यांना जायचं होतं, ते गेले, साखर खाली आहे, वाचनालय सहाला उघडतं, खुर्च्या पहिल्याच दिवशी बाहेर काढल्या म्हणे. सगळं जसं व्हायला हवं होतं तसं झालं.

आता दुपारी दोनच्या सुमारास त्यांचा फोन येतो. इथं असताना आमचं बोलणं संपायचं नाही, फोनवर ते सुरूच होत नाही. "जेवलात?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." मग दोघंही फोन कानाला लावून बसतो. तिकडून रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येतात, कधी कुणी पोर दार वाजवतं. चारपाच मिनिटांनी ते म्हणतात, "बरं, ठेवतो." मी म्हणते, ठेवा. सांगायला काही नसताना माणूस रोज फोन का करतो, मला कळत नाही. आणि पहिली घंटा पुरी व्हायच्या आत मी तो का उचलते, तेही अजून कळलेलं नाही.