एक्सच्या जागी दोन घाल

"तीन म्हशी आणि दोन शेळ्या. एकत्र केल्या तर किती?"

गणिताच्या सरांनी मला उभं केलं होतं. सातवीचा वर्ग. फळ्यावर लिहिलं होतं, 3x + 2y. मी म्हणाले, "पाच एक्सवाय."

"पाच काय? पाच म्हशी?"

वर्ग हसला. मी खाली बघत राहिले.

"म्हशी गावातल्या गोठ्यात असतात. शेळ्या तुमच्या डोंगरात. गावातला माणूस आपल्या म्हशी तुझ्या बापाच्या शेळ्यांमध्ये सोडेल का?"

"नाही सर."

"मग तू कशाला सोडल्यास? एक्स एक्समध्ये, वाय वायमध्ये. आपापल्या जागी."

मग त्यांनी हितेशकडे बोट केलं. हितेश केळीच्या बागा असलेल्या घरातला. त्याचं उत्तर बरोबर होतं. तो उठला, माझ्यासमोर आला आणि त्याने माझ्या गालावर थप्पड मारली.

सर शांत असले की पुस्तकातलं मराठी बोलायचे. चिडले की अहिराणी. ते म्हणाले, "जोरमा मार. हातले मेंदी लायेल शे का?"

त्याने दुसरी मारली. डोळ्यांसमोर फळा हलला.

हा सरांचा नियम होता. ज्याचं बरोबर, त्याने चुकलेल्याच्या थोबाडीत ठेवून द्यायची. सर स्वतः आम्हाला हात लावत नसत. "अंगाला वास येतो यांच्या," असं ते वर्गात सरळ म्हणायचे. गावातल्या मुली चुकल्या तर त्यांना मुलीच मारायच्या, तेही हलक्या हाताने, हसत. आम्हाला कोणीही मारावं.

आम्ही म्हणजे होस्टेलची पोरं. तोरणमाळच्या घाटाखालच्या पाड्यांवरून आलेली. आमच्या घरी पावरी बोलतात. तापीकाठच्या त्या गावात आल्यावर अहिराणी कानावर पडली आणि फळ्यावर मराठी दिसलं. तिन्ही सांभाळत आम्ही बीजगणितापर्यंत पोचलो होतो. सरांना वाटायचं, आमच्या डोक्यात काही शिरत नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. रोज मार खाल्ला की माणूस मारणाऱ्याचं खरं मानायला लागतो.

काही दिवसांनी गुणाकार आला. 3x × 2y = 6xy. मला खरंच प्रश्न पडला. मी हात वर केला.

"सर, म्हैस आणि शेळी एकत्र होत नाहीत, तर त्यांचा गुणाकार कसा होतो?"

मी चेष्टा करत नव्हते. मला उत्तर हवं होतं. सरांना ते येत नव्हतं, हे मला खूप वर्षांनी कळलं. त्या दिवशी त्यांनी पहिल्या बाकावरच्या पोरांना रांगेने यायला सांगितलं. एकामागून एक. तिसऱ्याच्या वेळी दाताने ओठ फाटला. रक्त गिळत मी उभी राहिले. रांगेतला शेवटचा पोरगा जागेवर जाताना म्हणाला, "ए म्हैस, आते समजनं का?"

त्या रविवारी दुपारी मी होस्टेलच्या ओट्यावर बसले. चुलीतला कोळसा घेतला आणि फरशीवर लिहिलं, 3x + 2y. शेजारी माझं चुकीचं उत्तर, 5xy. मला मार कशाबद्दल बसतो तेवढं तरी बघायचं होतं. पुस्तकात एक ओळ होती, अक्षराच्या जागी संख्या येते. सरांनी ती ओळ कधी वाचून दाखवली नव्हती. मी एक्सच्या जागी एक घातला, वायच्या जागी एक. इकडे तीन आणि दोन, पाच. तिकडे पाच गुणिले एक गुणिले एक, पाच.

दोन्हीकडे पाच. मी बसल्या जागी ताठ झाले. सर चुकले होते आणि मी विनाकारण मार खाल्ला होता.

मग एक्सच्या जागी दोन घातला. वाय एकच ठेवला. इकडे सहा आणि दोन, आठ. तिकडे पाच गुणिले दोन, दहा.

आठ आणि दहा. नाही जुळलं.

मी तिथेच बसून राहिले. तर हे असं होतं. फरशीवर ना म्हैस होती, ना शेळी. दोन संख्या होत्या, ज्या अजून मला माहीत नव्हत्या. माहीत नाहीत म्हणून घाईने एकत्र करायच्या नाहीत. एवढंच. उद्या कळलं की दोघांची किंमत एकच आहे, तर करता येतात. कोणी कोणाच्या गोठ्यात जायचं, याच्याशी गणिताचा काही संबंध नव्हता. तो संबंध सरांचा होता.

मग मी थांबले नाही. जेवढी उदाहरणं पुस्तकात होती तेवढी ओट्यावर सोडवली. प्रत्येक पदाभोवती चौकट काढायचे, त्याच्या आधीच्या चिन्हासकट. उणे असेल तर उणे चौकटीच्या आत. एक्सच्या चौकटी एकत्र करायच्या, वायच्या एकत्र. शेवटी संख्या घालून तपासायचं. होस्टेलची स्वयंपाकीण ओरडायची, फरशी काळी झाली म्हणून. मी पुसायचे आणि पुन्हा लिहायचे.

मग तो दिवस आला. सरांनी फळ्यावर लिहिलं, 7x − 3y + 2x + 5y. सगळ्यांनी सोडवलं. सर वह्या बघत फिरले. 9x + 8y. सगळीकडे 9x + 8y. तीनच्या आधीचं उणे सगळ्यांनी गिळलं होतं. हितेशनेही. माझ्यापाशी आल्यावर सर थांबले. माझ्या वहीत 9x + 2y होतं.

"कोनं देखीसन लिखं?"

"कोणाचं नाही सर."

त्यांनी मला फळ्यावर सोडवायला लावलं. मी चौकटी काढल्या, उत्तर लिहिलं. एक्सच्या जागी दोन, वायच्या जागी एक घालून तपासूनही दाखवलं. दोन्हीकडे वीस. खडू हातात धरून मी उभी होते, नियमाची वाट बघत.

"खाले बस," सर म्हणाले.

"सर, नियम?"

"माले नियम शिकाडी ऱ्हायनी का? बस."

मी बसले नाही. चालत हितेशपाशी गेले. तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मी त्याला मारीन, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं. मी मारलं. सगळा जोर लावून. त्याचं डोकं बाकावर आपटलं. माझा तळहात झोंबला.

मला बरं वाटलं. आजही त्याचा पश्चात्ताप नाही.

त्यानंतर सरांनी पहिल्यांदा मला स्वतःच्या हाताने मारलं. डाव्या कानावर, उघड्या पंजाने. मी पडले. केसांना धरून त्यांनी मला उठवलं आणि त्याच जागी पुन्हा मारलं. कानात काहीतरी फाटल्यासारखं झालं आणि मग त्या बाजूने आवाज यायचे बंद झाले. सरांचं तोंड हलताना दिसत होतं. फ्रॉकची कॉलर ओली झाली. हात लावला तर लाल.

दवाखान्यात सांगितलं, कानाचा पडदा फाटला. जखम भरली. ऐकू येणं परत आलं नाही.

बापाला बोलावणं गेलं. तो पाड्यावरून उतरून आला, शाळेच्या व्हरांड्यात उभा राहिला. त्याला मराठी येत नव्हतं. तेव्हाच्या हेडमास्तरांनी मला म्हटलं, "तुझ्या बापाला सांग, पोरीला इथे सगळ्यांसमोर मारा. मग शाळेत ठेवतो."

ते वाक्य मीच माझ्या बापाला पावरीत सांगितलं. काही गाळलं नाही.

बाप म्हणाला, "कशाबद्दल?"

मी सांगितलं.

"तुझं उत्तर बरोबर होतं?"

"हो."

"मग त्याला सांग, मी हिला कधी मारलं नाही. मला ते येत नाही."

मी ते मराठीत सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "मग घेऊन जा." हेही मी सांगितलं. बाप गेला नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला. तास झाले, सुट्टी झाली, पोरं त्याला ओलांडून घरी गेली. एकाने त्याच्या पायाशी पेन्सिलीची साल टाकली. बापाने ती उचलून बाजूला ठेवली. शेवटी शिपाई हेडमास्तरांचा निरोप घेऊन आला, राहू द्या पोरीला, अनुदानाला होस्टेलचा पट कमी पडतो. बाप उठला. जाताना त्याने माझ्या उजव्या कानापाशी तोंड आणलं. "शीक," म्हणाला. दुसरं काही नाही.

मी शिकले. आमच्या पाड्यावर माझ्याआधी कोणी पदवी घेतलेली नाही. बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले. या शाळेचं ऋण माझ्यावर आहे आणि मी ते मानते. शाळा नसती तर मी आज गुजरातेत उसाच्या फडात असते, माझ्या बरोबरीच्या मुली आहेत तशी. शिक्षण सेवक म्हणून माझी नेमणूक त्याच शाळेत आली तेव्हा सर हेडमास्तर झाले होते. हजर होताना मी त्यांच्या पाया पडले. कोणी सांगितलं नव्हतं. सवयीने वाकले. ते स्टाफरूममध्ये सगळ्यांना म्हणाले, "ही मी घडवलेली पोरगी."

मी हजेरीपत्रकावर सही केली.

सातवीचं गणित माझ्याकडे आलं. वर्गात मी नेहमी फळ्याच्या उजव्या टोकाला उभी राहते, म्हणजे पोरं माझ्या उजव्या कानाकडे येतात. सरूप पदं, म्हणजे एकाच अक्षराची पदं, शिकवताना मी म्हशी आणत नाही, केळी-पपईही आणत नाही. अक्षर म्हणजे संख्या, अजून न कळलेली. चौकट काढा. चिन्ह आत घ्या. संख्या घालून तपासा.

त्या दिवशी फळ्यावर 4x + 3y होतं. रमिला उठली. होस्टेलची, आमच्याच बाजूच्या पाड्यावरची. म्हणाली, "7xy."

मी म्हटलं, "तपासलंस?"

"हो मॅडम. जमतंय. एक्स एक, वाय एक. इकडे सात, तिकडे पण सात."

ओटा, कोळसा, ती दुपार. मी म्हणणार होते, आता एक्सच्या जागी दोन घाल. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"सात काय? सात म्हशी?"

हेडसर फेरीवर आले होते. आत आले, रमिलाकडे बघितलं, मग पहिल्या बाकावरच्या प्रथमकडे. "तुझं काय उत्तर?"

"होत नाही सर. आहे तसंच राहतं."

"शाब्बास. ऊठ. ठेवून दे तिच्या."

प्रथम उठला. माझ्याकडे बघत म्हणाला, "सरनी सांगं, मॅडम." त्याचा आवाज बारीक होता. तो रमिलाच्या बाकापाशी पोचला. रमिलाने डोळे घट्ट मिटले आणि गाल थोडा पुढे केला. तिला सवय होती. मी येण्याआधी या वर्गात काय चालायचं, ते मला त्या गालाने सांगितलं.

मी मध्ये जाऊन उभी राहिले. "प्रथम, जागेवर जा."

"मॅडम, बाजूला व्हा," हेडसर म्हणाले.

"सर, ती विचार करत होती. तिचं अर्धं झालंय."

"अजून कायम झाली नाहीस तू. रिपोर्ट माझ्या सहीने जातो. उपकार विसरली का?"

"नाही विसरले. पण या वर्गात कोणी कोणाला मारणार नाही. तुम्हीसुद्धा नाही."

त्यांचा हात वर गेला. तोच हात, तीच बाजू. मी तो हवेत धरला. दाबला. त्यांनी ओढला, मी सोडला नाही. म्हाताऱ्या माणसाचं मनगट होतं, हाडं हाताला लागत होती. मोडता आलं असतं. मोडावंसं वाटलं, खूप. पोरं बघत होती. मी मोजून सोडला, माझ्या मनाने, त्यांच्या जोराने नाही.

ते काहीतरी बोलत माझ्या डाव्या बाजूने बाहेर गेले. मला ऐकू आलं नाही. मी विचारलं नाही.

मी रमिलाला म्हटलं, "डोळे उघड. आता एक्सच्या जागी दोन घाल. वाय एकच ठेव."

तिने बोटांनी केलं. वेळ लागला. मग म्हणाली, "इकडे अकरा. तिकडे चौदा."

"मग?"

"नाही जमत मॅडम. मघाशी एक होता म्हणून जमलं."

"बस."

आता कारणे दाखवा नोटीस आली आहे. मुख्याध्यापकांच्या अंगावर हात टाकला, असं तीत म्हटलं आहे. सोमवारी संस्थेच्या लोकांपुढे उभं राहायचं आहे. सरांनी शिपायाबरोबर निरोप पाठवला, सगळ्यांसमोर पाया पड, मिटवून टाकतो. स्टाफमधले म्हणतात, वाक ना, तुझ्यासारख्या पोरीला नोकरी पुन्हा मिळणार आहे का. बापाला फोन केला. आता त्याला थोडं मराठी येतं. त्याने एकच विचारलं, "तुझं बरोबर होतं?"

मी सोमवारी जाणार आहे. वाकणार नाही. मुलांना मारतात, अशी लेखी तक्रार मी शिक्षण विभागाकडे दिली आहे आणि ती मागे घेणार नाही. नोकरी गेली तर पाड्यावर बसून शिकवीन, फरशी नसली तर मातीवर लिहीन. संस्थेचे लोक पुरावा मागतील. मी डावा कान त्यांच्यापुढे करीन आणि सांगीन, या बाजूने बोला.