दुसऱ्या रांगेची पाळी

शिकलेल्या माणसाला "मला कळलं नाही" म्हणायची लाज वाटते, घोडं पेंड खातं ते तिथेच. गोव्यातल्या मये गावच्या विनिताचं तसंच झालं.

पणजीत कॉम्प्युटरवर काम करणारी ही पोर गावच्या बायकांना म्हणाली, धालोच्या गाण्यांचं पुस्तक मी करते. पौषात मांडावर, गावाच्या पूजेच्या अंगणात, बायका समोरासमोर दोन रांगांत उभ्या राहून गातात, ती गाणी. तिच्या वहिनीने, सोनालीने, म्हाताऱ्यांना गायला लावून सगळी एक्सेलमध्ये, एका चौकटीत एक ओळ अशी, टाइप केली. पहिल्या रांगेने ओळ म्हटली की दुसरी तीच परत म्हणते. ती पुन्हा कोण टाइप करणार? तिथे सोनालीने खालच्या चौकटीत नुसता दोनाचा आकडा घातला.

मजकूर साफ करायला विनिताने पायथनमध्ये स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती मध्येच अडली: मजकूर हवा होता, आकडा सापडला. सोनाली शेजारी रांधणीत, चुलीपाशी होती, एक हाक पुरली असती. पण कॉम्प्युटरातलं काही वहिनीला विचारायचं म्हणजे काय! विनिताने लिहून टाकलं, मजकूर नसेल ते गाळ. स्क्रिप्ट सुरळीत चालली आणि बाईसाहेब खूश.

मांडावर पुस्तकाला हळदकुंकू लागलं. पहिल्या रांगेतल्या नव्या सुना त्यात बघून गाऊ लागल्या त्या थांबल्याच नाहीत. दुसऱ्या रांगेच्या देवकीकाकीने तोंड उघडलं, तोवर समोरून पुढची ओळ सुरू. तिने पुस्तक मागून घेतलं, चष्मा लावून पानं चाळली आणि आपल्या रांगेला म्हणाली, "आमची पाळी बुकांत ना. ओगी रावात."

एवढ्या जुन्या बायका, पण पुस्तकात नाही म्हटल्यावर छापलेलं खोटं कसं म्हणणार? गप्प राहून नुसत्या पुढेमागे झुलत राहिल्या.

तो आकडा कशाचा, हे विनिताला आत्ता कळत होतं: तिथे दुसऱ्या रांगेने ओळ परत म्हणायची. आकडा मजकूर म्हणून तसाच ठेवायला स्क्रिप्टमध्ये एक शब्द पुरला असता. गाणं संपल्यावर ती खाली मान घालून पुढे झाली आणि आपणच न बघता ते गाळल्याचं सांगून टाकलं.

"काकी, बूक चुकलां. चूक म्हजी. तुमची पाळी हांवेंच काडली, पळयनासतना."

देवकीकाकी चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पुस्तक मिटून विनिताच्या हातात दिलं.

"पळयनासतना काडली?" ती म्हणाली. "आमकां वाटलें, आमचो आवाज बरो ना म्हूण काडली आसतली."