साठ पूर्ण की साठावं चालू

पडदा वर जातो. कुंभकोणमच्या भांडीबाजारात पहिल्या मजल्यावरची खोली. खाली पितळी हंडे उतरवल्याचा खणखणाट. उजवीकडे, लॅपटॉपसमोर, आमची सौंदर्या. तंजावरी मराठी घरातली पोर. वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये मुद्दाम चुकीचे आकडे भरायचे आणि फॉर्म कुठे फसतो ते पाहायचं, ही तिची नोकरी. दूधवाल्याच्या मापापासून देवळाच्या घड्याळापर्यंत तिचा कशावरच भरवसा नाही.

त्या दिवशी तिच्याकडे मी चंद्रमौळीला घेऊन गेलो. एकवीस वर्षं माझ्या नाटकांचे दिवे त्याने सांभाळले. मी राजा दिसलो तो त्याच्या प्रकाशात. आता मोतीबिंदूने त्यालाच जिना दिसेना. वृद्ध कलावंतांच्या मोफत शस्त्रक्रियेचे अर्ज दुपारी बंद होणार होते. किमान वय साठ. मी साठ लिहिलं की फॉर्म म्हणे, वय कमी.

"चालतं वर्ष सांगतोयस की काय?" मी विचारलं. आमच्याकडे एकोणसाठ संपली की माणूस बिनदिक्कत साठ सांगतो.

"शाळेचा दाखला आणलाय. वयं चोरायची सवय नटांना, दिवेवाल्यांना नाही," चंद्रमौळी म्हणाला.

सौंदर्याने दाखला खिडकीशी नेऊन तपासला. गेल्याच महिन्यात साठ पूर्ण. मग तिने आकडे भरले. एकोणसाठ, नाही. साठ, नाही. एकसष्ट चाललं.

"हा फॉर्म मीच तपासला होता, तेव्हा साठ घेत होता," ती पुटपुटली. "नंतर कुणीतरी हात लावलाय."

तिने फॉर्म बनवणाऱ्या विष्णुवर्धनला फोन लावला. तोही इथलाच.

"अक्का, आपली माणसं चालतं वय लिहितात. म्हणून मीच किमान वय एका वर्षाने वाढवून ठेवलं," तो म्हणाला.

"म्हणजे खरं साठ लिहिणारा बाहेर. मला न सांगता? किमान साठच कर, आणि वय लिहायला लावू नको, जन्मतारीख विचार. आत्ता."

वीस मिनिटांनी चंद्रमौळीची जन्मतारीख भरली. अर्ज गेला. त्याने खिडकीच्या दिशेला हात जोडले. सौंदर्या दुसऱ्या बाजूला होती. मी टाळ्यांसाठी हात उचलले, पण ती हसली नाही. पुन्हा रिकामा फॉर्म उघडून बसली.

"मामा, टाळ्या नंतर. साठ घेतलं खरं, पण आता एकोणसाठही घेत असेल, ते बघू द्या."