एकशे एक नारळांचं तोरण

घाटकोपरच्या डोंगराळ बाजूला एका सोसायटीत काशीराम परब राहतो. वय अडुसष्ट, मूळ गाव कणकवलीकडचं, आणि गाऱ्हाणं घालण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या वस्तीत कोणी नाही. पूजा कोणाचीही असो, देवापुढे उभं राहून मालवणीत साकडं घालायला काशीरामच लागतो. तो एकेक मागणं मागतो, मागून पंचवीस जण ‘व्हय म्हाराजा!’ ओरडतात, आणि त्या आवाजाने त्याला चढते. वेगळी बाटली लागतच नाही, असं तो स्वतःच सांगतो.

यंदा माघी गणपतीला अशीच चढली. मुलगा सिद्धेश तीन वर्षं कंत्राटी नोकरीत लोंबकळत होता. "पोरग्याक पर्मनंट कर रे म्हाराजा, तुका अकरा नारळांचा तोरण बांधतलंय!" मागून ‘व्हय म्हाराजा!’ इतकं दणदणीत आलं की अकराचे एकवीस झाले, मग एकावन्न. एकशे एकावर खोकला आला म्हणून गडी थांबला.

श्रावणात सिद्धेश पर्मनंट झाला. तोवर तेल, डाळ, गॅस सगळंच वर गेलेलं, आणि तीस रुपयांचा नारळ सत्तरवर जाऊन बसलेला. काशीरामने बाजारात एकशे एकाचा भाव विचारला, तेव्हा नारळवाल्याने त्याला आधी स्टूल दिलं.

"काका, लग्न आहे की हॉटेल काढताय?"

घरी येऊन त्याने बायकोसमोर, सुलक्षणासमोर, तोंड उघडलं. नवस राहिला आणि पोराच्या नोकरीला काही झालं तर? झोप उडाली होती बिचाऱ्याची.

"बोलताना मला विचारलंत?" बायको म्हणाली.

"अगं, आपल्या घरात नारळाला कधी हात आखडलाय? काळ्या वाटाण्याचं सांबारं बघ, तीच चव! नारळातलं मला कळतं."

सुलक्षणा हसून हसून खाली बसली. "काय कळतं हो? शिमग्यापासून वाटणात भाजकं डाळं घालतेय मी. नारळ नुसता वासाला. आणि तुम्ही आपले रोज झकास, झकास!"

नारळातला जाणकार सहा महिने डाळं चाटत होता.

मंगळवारी तो पाच नारळ घेऊन देवळात उभा राहिला. सगळी वस्ती मजा बघायला हजर. त्याने कान धरले.

"बा देवा म्हाराजा! तोंड माझा, चूक माझी, पोरग्याक त्याचो त्रास नको. आज पाच घे, रवलेले शहाण्णव म्हयन्याक एक देतलंय. आठ वर्सां लागतली, तेवढा आयुष्यपण दे रे म्हाराजा!"

‘व्हय म्हाराजा!’ सगळ्यांत मोठा आवाज सुलक्षणाचा होता. मग तिने डोळे पुसले आणि नवऱ्याला कोपर मारलं, "हळूच आठ वर्षं मागून घेतलीत ना!"

प्रसादाच्या फोडलेल्या नारळाची दोन भकलं तिने घरी आणली आणि त्या संध्याकाळी वाटणात डाळ्याचा दाणाही पडू दिला नाही. काशीरामने पहिला घास घेतला, जरा थांबला, वाटीत बोट फिरवलं.

"आज सांबारं काहीतरी वेगळंच लागतंय गं. काय विसरलीस काय?"