पोत्याचा पायगुण

अल्लीपूरला रूपराव मिस्त्रीचं गॅरेज आमच्या अंगणाला लागूनच. एके दिवशी गहू निवडता निवडता भांडण कानावर आलं. व्यापारी पुंडलिकराव जुन्या विलायती मोटारीपाशी बायकोवर तापले होते.

"तू पुढं बसली का स्टेरिंगपाशी हा लाल दिवा लागते. तुह्या पायगुणानंच! आजपासून मागं बसत जाय."

"मी काऊन मागं बसू?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "दिवा दुरुस्त करा ना!"

रूपरावानं बाईंना उतरवलं, त्यांच्या जागी सरकीचं पोतं ठेवलं नि किल्ली फिरवली. दिवा लागला.

"शेटजी, पोत्याचाही पायगुण खराब हाय काय?"

मग गादीखाली कोंबलेला पट्टा ओढून त्यानं पोत्याला बांधला. दिवा विझला.

"सीटवर वजन आलं का गाडी पट्टा मागते. वयनीचा काई दोष नाई."

पुंडलिकराव टोपी सारखी करत बसले. बाई पट्टा लावून पुढंच बसून गेल्या.

तेव्हापासून गावच्या बायका मोडलेलं सारं रूपरावाकडेच नेत. रूपराव वारला, त्याच्या आदल्या दिवशीही तो माझा स्टो दुरुस्त करून घेऊन आला, पेटवून दाखवला, चहा प्याला नि सायकलवर टांग मारून निघाला.