गाजरांचा वाफा

पावसाळा सरता सरता माझे यजमान गेले. तेराव्याला परसात मांडव घातला, तो नेमका यांच्या गाजरांच्या वाफ्यावर. आमची माती काळी, चिकट. गाजर तिच्यात सरळ उतरत नाही. वाळू आणि पाल्याचं खत मिसळून यांनी ती वर्षानुवर्षं भुसभुशीत केली होती. वाफ्यात ते स्वतःही पाय ठेवत नसत.

"भाऊजी, तिथे खुर्च्या नको," मी दिराला म्हणाले.

"वहिनी, मातीच तर आहे!"

ओल्या वाफ्यावर माणसं दिवसभर जेवली. वाळल्यावर त्याची वीट झाली. माणूस गेला की त्याने राखलेली जागा लगेच सगळ्यांची कशी होते?

परवा भाऊजींचा फोन आला. "यंदा गाजरं नाही पाठवलीत?"

त्याच वाफ्यात मी नंतर बी टाकलं होतं; बोटभर, दोन-दोन पाय फुटलेली गाजरं निघाली आहेत. ती मी कुणालाही देणार नाही.